कोकणातल्या डीपीला घाम येत नाही

मे महिन्यात रत्नागिरीत पारा 34-35 च्या पुढे क्वचितच सरकतो, तरी दुपारी पंख्याखाली बसूनही जीव कासावीस होतो. त्याच वेळी अकोल्यात 44 अंश असतात आणि तिथला माणूस सावलीत कसाबसा तग धरतो. आपल्याकडची हवा आधीच बाष्पानं भरलेली, त्यामुळे घाम सुकत नाही आणि अंग थंड होत नाही.

नाक्यावरच्या डीपीला, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरला, यातलं काही लागू होत नाही. त्याच्या अंगातली उष्णता पत्र्यातून हवेत जाते. त्यासाठी हवा किती तापलेली आहे हे महत्त्वाचं, ती किती दमट आहे याला जवळजवळ किंमत नाही. त्या हिशोबानं ट्रान्सफॉर्मरसाठी कोकण हा विदर्भापेक्षा कितीतरी सुखाचा मुलूख म्हणायला हवा.

तरीही आपल्याकडे डीपी जातात, आणि एकदा गेला की गाव अंधारात बसतं. कोकणातल्या ट्रान्सफॉर्मरचे खरे वैरी दोन: पाणी आणि मीठ. गंमत अशी की पाण्याला आत शिरायची वाट आणि मिठाला गंजवायला जागा त्याला थंड ठेवण्यासाठी केलेल्या रचनेतूनच मिळते. हे कसं, ते कळायला आधी टाकीचं झाकण उघडून आत डोकवावं लागेल.

पाटीवरचा आकडा

खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरला एक धातूची पाटी असते. तिच्यावर 63, 100 किंवा 200 केव्हीए (किलोव्होल्ट-अँपियर) असा आकडा, 11,000/433 व्होल्ट (म्हणजे 11,000 ची वीज घेतो आणि 433 ची देतो), आणि खाली बारीक अक्षरात आणखी बरंच काही. क्षमता किलोवॅटमध्ये न लिहिता केव्हीएमध्ये का लिहितात? कारण ट्रान्सफॉर्मरला तुम्ही त्या विजेचं काय करता याच्याशी देणंघेणं नाही. पंप असो, बर्फाचा कारखाना असो की बल्ब, तारेतून किती अँपियर वाहतात यावर ती तार किती तापणार हे ठरतं. म्हणजे 100 केव्हीए हा आकडा मुळात ताकदीचा नाहीच. इतका प्रवाह सतत वाहिला तरी आतलं तापमान ठरलेल्या मर्यादेत राहील, एवढीच ती हमी आहे. उद्या त्याच ट्रान्सफॉर्मरची उष्णता दुप्पट वेगानं काढून घेण्याची सोय केली, तर त्याच लोखंडातून आणि त्याच तारेतून जास्त केव्हीए मिळतील. मोठ्या सब-स्टेशनमध्ये नेमकं हेच करतात, ते पुढे येईल.

आत दोनच मुख्य गोष्टी आहेत: लोखंडाचा गाभा आणि त्यावरची गुंडाळणी. एका गुंडाळणीतल्या बदलत्या चुंबकत्वानं दुसरीत वीज उभी राहते, हे तत्त्व मायकेल फॅरडेनं 1831 मध्ये दाखवलं. आजच्यासारखा बंद गाभ्याचा, कामाला येईल असा ट्रान्सफॉर्मर 1885 मध्ये बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यात झिपेर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या तिघांनी घडवला. त्यानंतर मूळ आराखडा फारसा बदललेला नाही. सुधारलं ते साहित्य.

एक छोटा हिशोब करू. गाभ्याचा छेद 100 चौरस सेंटिमीटर धरा आणि त्यातलं चुंबकत्व 1.6 टेस्ला (हे चुंबकत्व मोजायचं एकक). आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर प्रत्येक वेढ्यामागे साधारण साडेतीन व्होल्ट मिळतात. घरच्या बाजूला फेज आणि न्यूट्रलमध्ये 250 व्होल्ट हवेत (पाटीवरचे 433 दोन फेजमधले), म्हणजे 70 वेढे झाले. 11,000 व्होल्टच्या बाजूला मग 3,100 च्या आसपास वेढे. शंभर केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये घरच्या बाजूनं पूर्ण भाराला 133 अँपियर वाहतात, तिथे जाड पट्टी लागते; 11,000 च्या बाजूच्या प्रत्येक गुंडाळणीत जेमतेम 3 अँपियर, तिथे बारीक तार चालते. गाभा जाड घेतला तर वेढे कमी लागतात, बारीक घेतला तर जास्त. लोखंड वाचवायचं की तांबं (खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये बहुधा ॲल्युमिनियम), हा डिझाइन करणाऱ्याचा पहिला सौदा. चुंबकत्व वाढवून दोन्ही वाचवता येत नाही, कारण 2 टेस्लाच्या जवळ पोचलं की पोलाद तुडुंब भरतं आणि गाभा भलताच प्रवाह ओढायला लागतो.

उष्णता दोन ठिकाणी तयार होते. एक गाभ्यात. तिथलं चुंबकत्व सेकंदाला 50 वेळा पूर्ण फेरा घेतं, त्यात काही ऊर्जा वाया जाते आणि लोखंडात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात ते वेगळे. ते रोखायला गाभा सलग ओतत नाहीत. सुमारे 3 टक्के सिलिकॉन असलेल्या पोलादाचे 0.23 ते 0.30 मिलिमीटर जाडीचे पत्रे, प्रत्येकावर विद्युतरोधक लेप देऊन, एकावर एक रचतात. हेच पत्रे चुंबकत्वामुळे किंचित लांब-आखूड होतात, दर फेऱ्यात दोनदा, म्हणून डीपीखाली उभं राहिलं की 100 हर्ट्झचा तो ओळखीचा हुंकार ऐकू येतो. गाव झोपलं तरी हा खर्च थांबत नाही.

दुसरी उष्णता गुंडाळणीत. ही प्रवाहाच्या वर्गानं वाढते. अर्ध्या भाराला पाव, पूर्ण भाराला पूर्ण, आणि सव्वापट भाराला दीडपटीहून थोडी जास्त. शंभर केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर पूर्ण भाराला एकूण दीड ते दोन किलोवॅट उष्णता टाकतो. टक्क्यांत हे काहीच नाही. पण ती दीड-दोन किलोवॅट सतत, बंद पेटीच्या आत, कागदात गुंडाळलेल्या तारेजवळ तयार होत असते.

कागद आणि तेल

होय, कागद. प्रत्येक तारेभोवती क्राफ्ट कागदाच्या पट्ट्या, थरांच्या मध्ये कागद, आणि जाड आधारांसाठी कागदाचाच दाबून केलेला पुठ्ठा. हजारो व्होल्ट आवरून धरण्याचं काम शेवटी लाकडाच्या लगद्यापासून झालेल्या या वस्तूवर असतं. कोरडा, तेलात भिजलेला कागद हे काम अप्रतिम करतो. त्याचं आयुष्य मात्र तापमानावर टांगलेलं आहे. साध्या क्राफ्ट कागदासाठी गुंडाळणीतल्या सगळ्यात गरम जागेचं 98 अंश हे प्रमाण मानतात. त्यावर दर 6 अंशांना झीज दुप्पट होते: 104 ला दुप्पट, 110 ला चौपट. उलट 92 ला निम्मीच. नव्या कागदातल्या सेल्युलोजच्या साखळीला सुमारे हजारभर कड्या असतात. त्या तुटत तुटत 200 वर आल्या की कागद विजेला अजूनही अडवतो, पण बोटानं चुरता येईल इतका ठिसूळ झालेला असतो.

तेल तेल म्हणतात ते काय आणि ते तिथे काय करतं, हा प्रश्न मालवणी घरात हमखास येतो: ‘डीपीत त्याल कशाक घालतत रे?’ वंगणासाठी नाही, आत फिरणारं काहीच नसतं. तेलाची कामं दोन. ते विजेला अडवतं आणि उष्णता वाहून नेतं. स्वच्छ, कोरडं खनिज तेल अडीच मिलिमीटरच्या फटीत 60 हजार व्होल्टही सहन करतं. तेवढ्याच फटीत हवा केव्हाच हार मानते. त्यामुळे तेलात सगळं जवळजवळ बसवता येतं आणि यंत्र लहान होतं.

वाहतुकीचं काम पंपाशिवाय चालतं. गुंडाळणीजवळचं तेल तापतं, हलकं होतं, वर चढतं. टाकीच्या वरच्या अंगाला असलेल्या वाटेनं ते बाहेरच्या पाकळ्यांसारख्या रेडिएटरमध्ये शिरतं, तिथे निवून जड होतं, खाली उतरतं आणि तळातून परत आत येतं. हे चक्र कोणी ढकलत नाही. गरम आणि गार तेलाच्या वजनातला फरक ते चालवतो. म्हणून मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये रेडिएटर गुंडाळणीच्या मानानं मुद्दाम थोडा वर बसवतात. गार होण्याची जागा तापण्याच्या जागेपेक्षा जितकी उंच, तितका हा ओढा जोरकस. तसंच गुंडाळणीत पुठ्ठ्याच्या पट्ट्या घालून तेलासाठी काही मिलिमीटर रुंदीच्या उभ्या वाटा ठेवाव्या लागतात. वाट अरुंद ठेवली तर तेल अडतं, रुंद ठेवली तर यंत्र फुगतं आणि महाग होतं. पाटीवर ‘ओएनएएन’ लिहिलेलं असतं ते हेच: आत तेल आपोआप फिरतं, बाहेर हवा आपोआप फिरते. लोक ‘ओनान’ म्हणतात.

खांबावरच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरला एवढं पुरतं. मोठ्याला पुरत नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट करा. लोखंड आणि तार आठपट होईल, उष्णताही जवळपास आठपट, पण बाहेरचा पत्रा चौपटच वाढतो. पत्र्याच्या प्रत्येक चौरस मीटरवर दुप्पट ओझं आलं. म्हणून आकार वाढतो तसं नुसत्या टाकीच्या पत्र्यावर भागत नाही. आधी रेडिएटर येतात, मग रेडिएटरखाली पंखे, मग तेलाला पंप.

33 केव्हीच्या (33 हजार व्होल्टच्या) सब-स्टेशनसमोरून जाताना कुंपणातून बघा, एका ट्रान्सफॉर्मरवर कधीकधी दोन क्षमता लिहिलेल्या असतात: पंखे बंद असताना एक, चालू असताना त्याहून मोठी. यंत्र तेच, गाभा तोच, तारही तीच. त्याच टाकीवर दोन गोल तबकड्या दिसतील, एक तेलाचं तापमान दाखवणारी आणि एक गुंडाळणीचं. दुसरी तबकडी गुंडाळणीला स्पर्शही करत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. हजारो व्होल्ट असलेल्या तारेला थर्मामीटर कसा लावणार? मग युक्ती अशी: वरच्या तेलात एक कप्पा, त्यात तापमापकाचा फुगा, आणि त्याच्याजवळ एक बारीकशी हीटर-तार. त्या तारेतून भाराच्या प्रमाणातला छोटा प्रवाह सोडतात. भार वाढला की फुगा तेलापेक्षा तेवढाच जास्त तापतो, जेवढी खरी गुंडाळणी तापली असती. नक्कल आहे, पण उपयोगी नक्कल. ती ठरलेल्या आकड्याला पोचली की पंखे सुरू होतात, आणखी वर गेली की घंटा वाजते, आणि तरी थांबली नाही तर ट्रान्सफॉर्मर लाइनवरून बाजूला होतो.

जिथे हवाच खेळती नाही तिथे पाणी वापरतात. कोयना प्रकल्पाचं पोफळीचं वीजघर चिपळूण तालुक्यात, सह्याद्रीच्या पोटात कोरलेलं आहे. अशा भूमिगत वीजघरात मोठ्या ट्रान्सफॉर्मरची उष्णता हवेत सोडली तर बोगदाच भट्टी होईल, म्हणून तेल नळ्यांतून फिरवून बाहेरच्या बाजूनं गार पाणी नेण्याची पद्धत रूढ आहे. तिथे एक पथ्य कटाक्षानं पाळतात: तेलाचा दाब पाण्यापेक्षा नेहमी जास्त ठेवायचा. नळीला बारीक चीर गेली तर तेल पाण्यात जाईल; थोडं तेल वाया जातं, बाकी काही बिघडत नाही. उलटं झालं आणि पाणी तेलात शिरलं, तर कोट्यवधींचा ट्रान्सफॉर्मर गेला.

गणपतीत ट्रान्सफॉर्मर कसा टिकतो

कोकणातल्या वाडीचा ट्रान्सफॉर्मर वर्षातले बरेच महिने आरामात असतो. मग गणपती येतात. मुंबईचे चाकरमानी उतरतात, बंद घरांची दारं उघडतात, घरोघरी तोरणं, मिक्सर, पाण्याचे पंप, आणि संध्याकाळी आरतीच्या वेळी सगळंच एकदम. भार पाटीवरच्या आकड्याच्या वर गेला तरी ट्रान्सफॉर्मर लगेच मरत नाही. तारेचं तापमान काही मिनिटांत चढतं, पण तेलाचा साठा तापायला तास जातात. दोन-तीन तासांच्या गर्दीत तेल शेवटच्या टोकाला पोचायच्या आत लोक जेवून झोपलेले असतात. वर श्रावण-भाद्रपदातली 26-27 अंशांची हवा आणि टाकीवर पडणारा पाऊस. डिझाइनमध्ये धरलेल्या तापमानापेक्षा बाहेर इतकं कमी असतं की तिथली सवलत भाराला मिळते.

मे महिन्याची गोष्ट वेगळी. चाकरमानी तेव्हाही येतात, हवा तापलेली असते आणि आता बऱ्याच घरांत एसी आलेत, जे रात्रभर चालतात. भाराला उतार नाही, रात्रीलाही फारसा उतार नाही, कारण समुद्राकाठच्या रात्री गरमच राहतात. त्यातून तीन फेजपैकी एकाच फेजवर निम्मी वाडी जोडलेली असेल तर एकूण भार मर्यादेत दिसूनही त्या फेजची गुंडाळणी भाजत राहते. माझ्या मते आपल्याकडचे निम्मे ‘ओव्हरलोड’ हे खरं तर असमतोल असतात. वायरमनला वेळ दिला तर तो अर्ध्या दिवसात ते वाटून देऊ शकतो.

तो श्वास घेतो

आता मूळ मुद्दा. तेल तापलं की फुगतं, दर अंशाला सुमारे दहा हजारात सात-आठ भाग. 200 लिटर तेल दिवसरात्रीच्या फेऱ्यात 25 अंशांनी वर-खाली झालं तर जवळपास पावणेचार लिटरचा फरक पडतो. टाकी घट्ट बंद केली तर ती फुगेल किंवा फुटेल. म्हणून वर एक आडवं पिंप बसवतात, त्यात तेल चढतं-उतरतं आणि पिंपातली हवा एका नळीतून बाहेर जाते, परत आत येते. ट्रान्सफॉर्मर दिवसा श्वास सोडतो आणि रात्री घेतो.

रात्री! कोकणात, पावसाळ्यात, रात्री. 28 अंशांच्या बाष्पानं भरलेल्या हवेत एका घनमीटरला 27 ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. पावणेचार लिटर हवेत ते एक दशांश ग्रॅम होतं. काहीच नाही असं वाटतं. पण चार महिन्यांचा पाऊस धरा: 12 ग्रॅम. ते 200 लिटर, म्हणजे साधारण 175 किलो तेलात वाटलं तर दहा लाखात सत्तर भाग. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पाणी मोजायचं एककच हे आहे, आणि तीस-चाळीसच्या पुढे आकडा गेला की जाणकार माणसं कपाळाला आठ्या घालतात. हा हिशोब वाईटात वाईट परिस्थितीचा आहे, आणि त्यात गाळणी नाही असं धरलंय.

गाळणी म्हणजे ब्रीदर. नळीच्या टोकाला लटकणारी ती पारदर्शक बरणी, आत सिलिका जेलचे दाणे. आत जाणारी हवा दाण्यांमधून जाते आणि पाणी तिथेच राहतं. जुने दाणे कोरडे असताना निळे आणि ओले झाले की गुलाबी; हल्ली नारिंगी दाणेही येतात, ते ओले झाले की हिरवट किंवा फिके पडतात. दाणे आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं पाणी धरू शकतात, म्हणजे पाव किलोत मोसमाचं पाणी सहज मावायला हवं. पण बरणीच्या तळाशी एक छोटी तेलाची वाटी असते. तिच्यातून बुडबुडे येऊनच हवा आत जाते, जेणेकरून ट्रान्सफॉर्मर श्वास घेत नसताना दाण्यांना बाहेरची हवा लागू नये. ती वाटी रिकामी असली किंवा भरायचीच राहून गेली, तर दाणे चोवीस तास कोकणची हवा पीत बसतात आणि काही आठवड्यांत गुलाबी होतात. मग ब्रीदर असून नसल्यासारखा. रस्त्यावरून जाताना बरणीत गुलाबी दाणे दिसले, तर समजा त्या ट्रान्सफॉर्मरचं नाक उघडं आहे. दाणे फेकायचे नसतात, तापवून कोरडे करून परत वापरता येतात.

आत आलेलं पाणी तेलात फार थांबत नाही. कागदाला पाण्याची ओढ तेलापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे जवळपास सगळं पाणी कागदात जाऊन बसतं. तेलाचा नमुना तपासला तर बरा दिसतो आणि कागद आतून भिजलेला असतो. कागदातलं पाणी दुप्पट झालं की त्याचं आयुष्य ढोबळमानानं निम्मं. शिवाय सेल्युलोज तुटताना स्वतःही पाणी सोडतं. ओलावा कागद तोडतो, तुटलेला कागद आणखी ओलावा देतो.

इथे गाभ्यातला तो न थांबणारा खर्च उपयोगी पडतो. जोडलेला ट्रान्सफॉर्मर भार नसतानाही किंचित कोमट राहतो आणि ओल दूर ठेवतो. बंद करून ठेवलेला लवकर ओलावतो. आंब्याचा पल्प काढणारे कारखाने हंगामापुरते चालतात. हंगाम संपल्यावर वीज वाचवायला ट्रान्सफॉर्मर लाइनवरून सोडवला आणि पुढच्या एप्रिलमध्ये काही न तपासता थेट चालू केला, तर ती बचत महागात पडू शकते. आधी मेगर या उपकरणानं विद्युतरोध मोजायचा, तेल तपासायचं, गरज असेल तर गाळून, तापवून, निर्वात करून घ्यायचं. पुराच्या पाण्यात बुडालेल्या ट्रान्सफॉर्मरचंही तसंच. जुलै 2021 मध्ये चिपळूणला आला तसा पूर ओसरल्यावर लोकांना वीज लगेच हवी असते, आणि ते साहजिक आहे. पण ओला ट्रान्सफॉर्मर वाळवायला वेळ द्यावाच लागतो.

मिठाचं कारस्थान

मीठ आत जात नाही, बाहेरून काम करतं. टाकीच्या डोक्यावर चिनी मातीचे जे बुशिंग असतात, त्यांच्यातून उच्च दाबाची तार आत उतरते. बुशिंगवर एकाखाली एक तबकड्या असतात, त्या शोभेच्या नाहीत. वीज पृष्ठभागावरून सरपटत टाकीपर्यंत जायचा प्रयत्न करते. तबकड्यांमुळे तो रस्ता वळणावळणाचा आणि लांब होतो. खूप दूषित हवेसाठी दर केव्हीमागे 31 मिलिमीटर रस्ता द्यावा असा दंडक आहे. 11 केव्हीच्या लाइनवर कमाल 12 केव्ही धरतात, म्हणजे सुमारे 37 सेंटिमीटर.

दुपारी खारा वारा सुटला की देवगड, मालवण, हर्णै, श्रीवर्धन इथल्या बुशिंगवर मिठाचा पातळ थर चढतो. कोरडं मीठ निरुपद्रवी. पण हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतून पाणी ओढून विरघळतं. ही अट किनाऱ्यावर बहुतेक रात्री पुरी होते. मग त्या 37 सेंटिमीटरवर खारट पाण्याचा वाहक पापुद्रा तयार होतो, बारीक ठिणग्या फुटतात आणि एखाद्या पहाटे मोठा आवाज होऊन लाइन जाते. लोकांना वाटतं पावसानं गेली. जोराचा पाऊस उलट बुशिंग धुऊन काढतो. घात करतं ते दव, धुकं आणि मेच्या अखेरीची पहिली रिमझिम, जी मीठ भिजवते पण धुवत नाही. पावसाळ्यापूर्वी बुशिंग पुसणं आणि समुद्राच्या अगदी जवळ सिलिकॉन रबराचा लेप देणं, हे त्यावरचे उपाय. सिलिकॉनवर पाणी पसरत नाही, थेंब सुटे राहतात, त्यामुळे सलग वाट तयार होत नाही.

मिठाचा दुसरा घाव रेडिएटरवर. उष्णता लवकर बाहेर जावी म्हणून त्याचा पत्रा पातळ ठेवलेला असतो, जेमतेम मिलिमीटरभर, आणि पाकळ्यांच्या मधल्या सांदीत रंगाचा ब्रश पोचत नाही. गंज नेमका तिथेच धरतो. सुईच्या टोकाएवढं भोक पडलं की तेल झिरपतं आणि पातळी उतरते. उतरत ती रेडिएटरच्या वरच्या तोंडाखाली गेली की तेलाचं चक्रच तुटतं. टाकीत तेल आहे, पण ते फिरत नाही, आणि गुंडाळणी भाजून निघते. किनाऱ्यासाठी रेडिएटर वितळलेल्या जस्तात बुडवून घ्यावेत. खर्च थोडा वाढतो. नुसत्या रंगावर विसंबणं मला परवडणारं वाटत नाही.

झावळीचं निमित्त

वारं सुटलं, माडाची झावळी लाइनवर पडली, दोन तारा भिडल्या, डीपी गेला. निसर्ग वादळानं 3 जून 2020 रोजी रायगड आणि उत्तर रत्नागिरीत खांबच आडवे केले, ते वेगळं; पण एरवी एका झावळीनं ट्रान्सफॉर्मर का जावा?

पाटीवर ‘इम्पीडन्स 4.5 टक्के’ असं काहीतरी असतं. त्याचा अर्थ, पूर्ण शॉर्ट झाला तर प्रवाह नेहमीच्या सुमारे 22 पट. दोन गुंडाळण्या एकमेकींना प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात ढकलतात, म्हणजे तो ढकल पाचशेपटीच्या घरात जातो. बाहेरची गुंडाळणी फुटायला बघते, आतली चेपली जाते. चांगला नवा ट्रान्सफॉर्मर हे फ्यूज उडेपर्यंत सोसतो. पण त्याला आवळून धरणारे आधार म्हणजे तेलासाठी वाटा ठेवणाऱ्या त्याच पुठ्ठ्याच्या पट्ट्या, आणि तारेवर तोच कागद. दहा पावसाळ्यांची ओल प्यायलेला, ठिसूळ झालेला कागद त्या धक्क्यात भुगा होतो. नोंद झावळीच्या नावावर होते. ब्रीदरकडे कोणी बघत नाही. आणि फ्यूजच्या जागी कुणीतरी जाड तार गुंडाळून ठेवली असेल, तर उरलीसुरली आशाही संपली.

यावर एक सरळ मार्ग आहे: श्वासच बंद करायचा. पन्हळी पत्र्याची, पूर्ण सीलबंद टाकी मिळते. तेल फुगलं की पन्हळी पाकळ्या किंचित उघडतात, निवलं की मिटतात. पिंप नको, ब्रीदर नको, बाहेरची हवा आत येतच नाही. किनारपट्टीच्या गावांत छोट्या ट्रान्सफॉर्मरसाठी हाच प्रकार घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. त्याची अडचण एकच, ती पन्हळही पातळ असते आणि गंजाचं भय तिलाही आहे, म्हणजे लेप चांगला हवा.

दुसरा मार्ग तेल बदलण्याचा. वनस्पतीजन्य एस्टर तेल खनिज तेलापेक्षा कितीतरी पट जास्त पाणी विरघळवून घेऊ शकतं, त्यामुळे कागदातली ओल ते आपल्याकडे ओढतं आणि कागद जास्त टिकतो. ते पेट घेतं 300 अंशांच्या वर, खनिज तेल 170 च्या आसपास. बागेत सांडलं तर मातीत कुजून जातं. मात्र ते जास्त घट्ट असल्यामुळे तितकं सहज फिरत नाही, रेडिएटर थोडा मोठा लागतो, आणि हवेशी सतत संपर्क आला तर खराब होतं, म्हणून तेही सीलबंद टाकीतच शोभतं.

मग आपलं खोबरेल का नको? विचारणारे विचारतात, आणि प्रश्न वेडगळ नाही. श्रीलंकेत खोबरेल तेलावर ट्रान्सफॉर्मर चालवून पाहण्याचे प्रयोग झाले आहेत. विजेला ते चांगलं अडवतं. फक्त 24 अंशांच्या खाली ते थिजायला लागतं, आणि पौषातल्या पहाटे बंद पडलेल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये थिजलेलं तेल फिरणार कसं, हा प्रश्न उरतो.